सातव्या गाण्यातला माझा आवाज

तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गाण्यांची तासाभराची कॅसेट होती आणि ती मी पुसली. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे ते टाळायला मला जागा राहणार नाही. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट शोभेल अशी मांडायची हाताला सवय आहे. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण मी ते नक्की शोभिवंत केलं असतं. म्हणून मराठीत लिहिते. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. यातलं सगळं तुमच्या बाबांनाही ठाऊक नाही.

मामाआजोबांना तुम्ही फोटोंत पाहिलं आहे: पांढरी दाढी, गळ्यात गिटार, शेजारी संबळ वाजवणारा माणूस. तो माझा पाच वर्षांनी धाकटा भाऊ. मी त्याला अरेतुरे करते, तशीच इथेही करणार आहे. कॉलेजात असताना त्याने पुण्याहून एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार आणली आणि गावच्या जत्रेत गोंधळ्यांच्या संबळाशेजारी उभा राहून ती वाजवली. आमचं गाव पारनेरच्या बाजूचं. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग त्यांनी तेच गाणं तीनदा वाजवायला लावलं. पुढे काष्टीच्या बाजारापासून मुंबईच्या कॉलेजांपर्यंत तो तीस-पस्तीस वर्षं वाजवत फिरला. त्याच्या कॅसेटी निघाल्या, नंतर सीड्या निघाल्या, नंतर काहीच निघेना. जे गाणं त्याने लोकांपुढे नेलं ते मुळात आईचं होतं. ती दळताना, खुरपताना, धान्य निवडताना गायची. चाली तिच्या, तारा याच्या. हे तो प्रत्येक कार्यक्रमात माईकवरून सांगायचा आणि मी समोर बसलेली असले तर मला अवघडल्यासारखं व्हायचं. नगरच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बायकांच्या आया पेटी वाजवणाऱ्या, पुस्तकं वाचणाऱ्या होत्या.

एका उन्हाळ्यात त्याने गावी दोन दुपारी बसून आईला गायला लावलं आणि ते टेप केलं. मागे शेळी ओरडते आहे, गिरणीचा पट्टा फिरतो आहे, असं ते रेकॉर्डिंग होतं. ती कॅसेट त्याने नगरला आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, "माझ्याकडं राह्यची न्हाई. तुझ्या कपाटात नंबर घालून राहील." कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. त्या त्याने माझ्यासमोर स्क्रू-ड्रायव्हरने मोडल्या. मी खरंच कपाटात नंबर घालून ती ठेवली.

त्या हिवाळ्यात आईचे गुडघे आखडले म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. मी तेव्हा दहावीच्या मुलींसाठी धड्यांचं आदर्श वाचन टेप करायचं ठरवलं होतं. मुलींना उच्चार कानावर पडावेत एवढाच उद्देश. रविवार होता, दुकानं बंद होती. घरात कोरी कॅसेट नव्हती. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. पण मी आठवड्याचा तक्ता केला होता आणि त्यात रविवारपुढे वाचन लिहिलं होतं.

कपाट उघडलं, ती कॅसेट काढली. मशीनचं बटण दबेना, तेव्हा मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी चिकटपट्टी लावली. मग दबलं. मनात काय होतं ते मी पुष्कळदा तपासलं आहे. मला राग नव्हता, घाई तर मुळीच नव्हती. आई आतल्या खोलीत जिवंत बसलेली होती आणि तोंड उघडलं की गात होती. जी वस्तू घरात दिवसभर ऐकू येते ती कशाला जपायची, असंच काहीसं मला वाटलं. आणि ती फार मोलाची आहे असंही मला कधी वाटलं नव्हतं. हे दुसरं कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना भावाने मला बाजूला घेऊन कॅसेट मागितली. मी म्हणाले, मशीनने खाल्ली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी पुढे सांगितलं की मी संध्याकाळभर फरशीवर बसून पेन्सिलीने ती फीत गुंडाळत होते, पण ती सगळी चुरगळली होती. पेन्सिल कोणी मागितली नव्हती. निबंधात एखादा बारीक तपशील घाला म्हणजे वाचणाऱ्याला पटतं, असं मी मुलींना शिकवायची. त्याला पटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो धाकटा असून.

आता मागच्या वर्षाचं सांगते. भाऊ एकाहत्तरचा झाला. आवाज खाली उतरला, बोटं जड झाली, आणि त्याने ठरवलं की आठ गाण्यांचा एक शेवटचा अल्बम करायचा. "आता उड्या मारायची गानी न्हाईत," तो फोनवर म्हणाला, "बसून म्हनायची हायेत." रेकॉर्डिंगला त्याने जागा निवडली मित्राची पोल्ट्री. कोंबड्यांची एक बॅच निघाली की शेड धुऊन, चुना मारून पंधरा दिवस रिकामी ठेवतात, मग नवी पिल्लं येतात. त्या पंधरा दिवसांत त्याला आठ गाणी संपवायची होती. सात झाल्यावर त्याने मला ऐकायला बोलावलं. मी एसटीने पारनेरला गेले आणि तिथून कोंबड्यांच्या खाद्याच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून शेडवर पोचले.

आत जाळीवर चहूबाजूंनी गोधड्या आणि बारदानं टांगली होती. पुण्याहून आलेली रेकॉर्डिंग करणारी मुलगी नाकाला रुमाल बांधून बसली होती. भाऊ तिला म्हणाला, "वास रेकॉर्ड हुत न्हाई पोरी, काढ तो रुमाल. आमच्या हेडबाई आल्यात, त्यांना वाटंल दरोडा पडला." ती हसली, पण रुमाल काही काढला नाही.

मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाणी ऐकली. गुडघ्यांवर एक होतं. जत्रा उठून गेल्यावर रिकाम्या मैदानावर उभं राहिलेल्या माणसाचं एक होतं. वडिलांशी तो वीस वर्षं बोलला नव्हता, त्याचं एक होतं, आणि त्यात त्याने चूक वडिलांवर ढकलली नव्हती. त्याचा आवाज मध्येच तुटत होता आणि त्याने तो तुटू दिला होता. मला त्याचं पहिल्यांदाच मनापासून कौतुक वाटलं. मग सातवं गाणं सुरू झालं.

ते माझ्यावर होतं. मशीनने आईला गिळलं, असं त्याचं धृपद होतं. एक बहीण फरशीवर बसली आहे, हातात पेन्सिल आहे, आणि ती वीत वीत करून आईला मशीनच्या पोटातून बाहेर ओढते आहे. हाताला घट्टे पडतात, दिवा लागणीची वेळ होते, तरी बहीण उठत नाही. शेवटी तो म्हणतो की आई एकदा गेली, पण या बहिणीने तिला दुसऱ्यांदा जाऊ देऊ नये म्हणून जीव टाकला. सातांमधलं ते सगळ्यांत चांगलं गाणं होतं. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. ती मुलगीही तेच म्हणाली, आणि म्हणाली, "आजी, तुम्हीच ना त्या?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, शब्द स्पष्ट ऐकू येतात. तो म्हणाला, "पास केलं हेडबाईंनी." आणि मी परत टेम्पोत बसून निघून आले.

चार दिवस मी घरातली कामं वेळेवर केली. फोन दोनदा लावला आणि उचलायच्या आत ठेवला. पिल्लं यायला आठवडा राहिला होता. त्यानंतर ते गाणं जगभर जाणार, तुमच्या घरीही वाजणार, आणि मी मेल्यावर तुम्ही मला त्या पेन्सिलीसकट आठवणार, हे मला दिसत होतं. खोटं बोलून मी चाळीसेक वर्षं निभावली होती. पण त्याने ते चालीवर बसवलं होतं आणि मनापासून गायलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. कॅसेट होती तिथेच होती, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसह: "इयत्ता दहावी, आदर्श वाचन". मी काही फेकत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. ती पर्समध्ये घातली आणि पारनेरची एसटी धरली.

भाऊ शेडमध्ये वायर गुंडाळत होता. मी उभ्यानेच सांगितलं, क्रमाने, वर्गात सांगते तसं. त्याने वायर गुंडाळायची थांबवली नाही. संपल्यावर त्याने विचारलं, "म्हंजी मशीननं न्हाई खाल्ली."

"नाही."

"आन् मी मोडलेल्या पट्ट्या?"

"त्यावर मी चिकटपट्टी लावली."

त्याने माझ्या हातातली कॅसेट घेऊन तिची वरची कडा पाहिली. चिकटपट्टी अजून तिथेच होती, पिवळी पडलेली. मग म्हणाला, "म्हंजी पुसताना तुला दिसलं हुतं, का ही पुसायची न्हाई म्हनून."

"हो."

"आक्का, मी चाळीस वर्षं त्या मशीनला शिव्या घातल्या."

तो बाहेर गेला. मुलीने थर्मासमधला चहा माझ्यापुढे ठेवला आणि ती आपल्या यंत्रांत डोकं घालून बसली. तिने आता रुमाल काढला होता. मला बसायला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी उभीच राहिले. अर्ध्या तासाने तो आला आणि मुलीला म्हणाला, कॅसेट वाजवायचं मशीन असंल तर लाव. जुन्या रेकॉर्डिंगसाठी तिने एक आणलेलं होतं. तिने विचारलं, कुठली बाजू? तो म्हणाला, दोनी. पहिल्यापासून.

पहिली बाजू अर्धा तास चालली. अर्धा तास त्या शेडमध्ये माझा पस्तिशीतला आवाज इंग्रजी धडे वाचत होता. प्रत्येक स्वल्पविरामाला सारखं थांबत, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारत. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. त्याला इंग्रजी येतं, पण तो धडे ऐकत नव्हता. माझ्या आवाजाखाली काही उरलं आहे का ते तो शोधत होता. काही उरलं नव्हतं. मी काम व्यवस्थित केलं होतं.

दुसरी बाजू मी आयुष्यात कधी वाजवली नव्हती. वर्गात पहिलीच बाजू झाली आणि पुढच्या वर्षी पुस्तक बदललं. तिच्यात नदीच्या प्रवासावरचा एक धडा आहे. त्याच्या मध्यावर, माझ्या वाचनाच्या मागे, दुसरा एक आवाज सुरू झाला. बारीक, आतल्या खोलीतला. सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाजही त्यात मिसळलेला होता. आई गुणगुणत होती. शब्द लागत नव्हते, चाल लागत होती. भावाने हात वर केला, जणू कोणी बोलू नये, आणि तेवढ्यात टेपवर मीच बोलले. वाचन थांबवून, मराठीत, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला बोलावं तशा आवाजात: "आई, गप्प बस गं जरा. किती वेळा सांगायचं?"

आणि आई म्हणाली, "बरं बाई."

मग सुपाचाही आवाज थांबला. मी परिच्छेद पहिल्यापासून वाचायला घेतला आणि तो शेवटपर्यंत न अडखळता वाचला.

भावाने ते सहा-सात वेळा लावायला सांगितलं. तो गिटार घेऊन बसला आणि आईची ती ओळ बोटांनी शोधू लागला. मला विचारलं, हे कुठलं गानं हाय? मला ओळखता आलं नाही. ती माझ्याजवळ पाच महिने राहिली होती आणि रोज ते गात असणार. मी आठवून बघते म्हणाले. तो म्हणाला, राहू दे.

मग त्याने मुलीला सांगितलं की सातवं गाणं काढून टाक. ती कळवळली. म्हणाली, ते तर अल्बमचं हृदय आहे, लोकांना काय कळणार आहे खरं-खोटं? तो म्हणाला, "मला कळलंय ना. आता त्ये त्वांडातून निघंल का?" त्याच्या जागी त्याला हा तुकडा घालायचा होता. माझ्या वाचनातलं अर्धं वाक्य, आईचं गुणगुणणं, माझं बोलणं, आईचं उत्तर. आणि आई जिथे थांबली तिथून पुढे फक्त गिटार.

"तुझा आवाज हाय," तो म्हणाला. "तू न्हाई म्हनलीस तर न्हाई."

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले. नगरमध्ये मला बाई म्हणून ओळखणाऱ्या शेकडो मुली आहेत, आज त्यांचीही लग्न झालेली मुलं आहेत. कुणीही ऐकलं तरी तो आवाज ओळखेल. मी हे त्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही. उलट मुलीने मार्ग काढला. तुमचं वाक्य मी सहज कापू शकते आजी, ती म्हणाली. पणजीबाईंचं गुणगुणणं राहील आणि त्यांचे ते दोन शब्द राहतील, मध्ये तुम्ही नसाल. तिने दहा मिनिटांत करून दाखवलं.

खरं सांगते, फार सुंदर झालं होतं. आई गुणगुणते आहे. क्षणभर शांतता. मग "बरं बाई". जणू कुणी लेक तिला जेवायला बोलावते आहे आणि ती हसून उठते आहे. तिच्या आवाजातली माघार गेली होती. सुपाचा आवाज बंद होतो तोसुद्धा आता गोड वाटत होता. मुलगी माझ्याकडे आशेने बघत होती. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. त्याने गिटार मांडीवर आडवी ठेवली होती आणि तो बारदानाच्या फटीतून बाहेर बघत होता.

चाळीस वर्षांपूर्वी मी आईचं गाणं काढून तिथे माझा आवाज घातला होता. आता माझा आवाज काढून आईलाच माझी साक्षीदार केलं जात होतं, की बघा, हिने मला काही त्रास दिला नाही. आणि मी त्याला होकार देणार होते. ओठांवर आला होता.

मी मुलीला म्हणाले, "माझं वाक्य परत घाला."

"नक्की ना आजी?"

"नक्की. दोन्ही वाक्यं. कमी-जास्त काही करू नका."

त्या दुपारी भावाने गिटार वाजवली ती एकदाच, आणि तेच अल्बममध्ये आहे. शेवटी दोन सूर चुकले आहेत. शनिवारी पिल्लं आली.

त्याने मला माफ केलं आहे का, ते मला माहीत नाही. भाऊबीजेला आला. ओवाळून घेतलं, दोन घास जास्त जेवला, नवीन अल्बमबद्दल कोण काय म्हणतं ते सांगितलं. पूर्वी तो निघताना दारात हटकून काहीतरी गुणगुणायचा आणि मला चिडवायचा की हेडबाई, टाळ्या तरी वाजवा. या वेळी तो चपला घालून सरळ निघाला. फाटकापाशी थांबून म्हणाला, "आईची एखादी ओळ सापडली तर फोन कर." मी वहीत ओळी लिहायला घेतल्या आहेत. अकरा झाल्या आहेत. शब्द सापडतात, पण त्यांची चाल मला एकीचीही येत नाही. आणि फोन करून त्या मी त्याला नुसत्या वाचून दाखवायच्या, माझ्या त्या आवाजात, हे अजून मला जमलेलं नाही.

गेल्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघं तुम्हाला गाणी कशी वाटली ते मला सांगत होता. धाकटीने विचारलं, सातव्या गाण्याच्या सुरुवातीला आपल्या आईला ओरडणारी ती बाई कोण आहे, ती किती दुष्ट आहे. मी म्हणाले, असेल कुणीतरी शिक्षिका. तुमचे बाबा तुमच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. ते त्या आवाजात वाढले आहेत.

फोन ठेवल्यावर मी हे लिहायला बसले. ती बाई मी आहे, बाळांनो. आणि तिला "बरं बाई" म्हणणारी तुमची पणजी. तिचं एवढंच राहिलं आहे.